नऊ चौरस मीटरची पेढी

कपड्याच्या मानेपाशी आतल्या बाजूने शिवलेली दोन बोटांची पट्टी टोचते म्हणून आपण ती बहुधा कात्रीने काढून टाकतो. तिच्यावर कोणाचे तरी नाव असते, सुताचे प्रमाण असते, धुण्याची सूचना असते. व्यवहारात तिला लेबल म्हणतात. नाममुद्रा हा अधिक भारदस्त शब्दही चालेल. माझा उदरनिर्वाह या पट्टीवर चालतो. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील एका गावात, घराच्या पडवीला लागून बांधलेल्या खोलीत, गेली चौदा वर्षे मी अकरा स्त्रियांच्या सोबतीने कपडे तयार करते आणि त्यांतील काही नमुने परदेशांतील व्यापारी मेळ्यांत मांडते. या काळात एक गोष्ट मनावर ठसली. कापड, काट, शिलाई यांची नक्कल कोणालाही करता येते. नाव लावणाऱ्याला मात्र त्या नावाचे उत्तरदायित्व टाळता येत नाही.

परदेशातला मेळा म्हटला की आपल्याकडे विमान, उंची पोशाख आणि फर्डे इंग्रजी डोळ्यांपुढे येते. वस्तुतः हा प्रकार आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. जर्मन भाषेत व्यापारी मेळ्याला ‘मेस्से’ म्हणतात आणि हा शब्द लॅटिन ‘मिस्सा’पासून आला आहे. मध्ययुगात सणाच्या मिस्सेसाठी पंचक्रोशीतील माणसे जमत आणि मिस्सा आटोपली की देवळासमोरच्या चौकात बाजार भरे. पुढे त्या बाजारालाच मिस्सेचे नाव चिकटले. फ्रँकफुर्टच्या मेळ्यास येणाऱ्या व्यापाऱ्यांना सम्राट दुसरा फ्रेडरिक याने १२४० साली राजसंरक्षण दिले. वांद्र्याच्या मोतमावलीची जत्रा किंवा आपली निर्मळची जत्रा ज्याने पाहिली आहे, त्याला फ्रँकफुर्टच्या अवाढव्य दालनांत फारसे परके वाटू नये. सुकेळीच्या टोपलीमागे बसलेली आपली बाई गिऱ्हाइकाचा चेहरा जसा वाचते, तसाच तो तेथेही वाचावा लागतो.

आणि कापडाचा व्यापारही या किनाऱ्याला नवा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात आपल्या सोपाऱ्याचे ‘सुप्पारा’ असे नाव आहे. तेरकडून गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरावर येणाऱ्या सुती कापडाचीही नोंद त्याच ग्रंथात आहे. त्याहून जवळचे उदाहरण ठाण्याचे. तेथे रेशमी वस्त्रे विणणारे कारागीर ख्रिस्ती होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गॅझेटियरकारांनी त्यांची नोंद केली, तेव्हा तो धंदा उतरणीला लागला होता. ते कापड ‘ठाण्याचे’ म्हणून ओळखले गेले. विणणाऱ्यांची नावे मागे उरली नाहीत.

आमच्या कामाची सुरुवात लाल चौकड्यांच्या लुगड्यापासून झाली. आपल्या आजीच्या पिढीतील स्त्रियांच्या अंगावर ते रोज असे. आता ते लग्नाच्या आणि समाजाच्या महोत्सवाच्या निमित्ताने पेटीबाहेर येते. जुने लुगडे कापायचे नाही, हा आम्ही पहिल्या दिवशी घातलेला नियम. त्याच्या चौकडीचे माप घेऊन सोलापूरकडील सहा हातमागांवर आम्ही नवे कापड विणून घेतो आणि त्याची सैल जाकिटे, झगे व पिशव्या शिवतो. प्रत्येक लेबलवर आमच्या नाममुद्रेखाली शिवणाऱ्या स्त्रीचे पाळण्यातले नाव असते.

या वाटेवर आधी चाललेला एक माणूस आपल्या शेजारच्या गोव्यात होऊन गेला. वेंडेल रॉड्रिक्स यांचा जन्म १९६० साली मुंबईत झाला. मस्कतच्या नोकरीत साठवलेल्या पैशांतून ते अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये वेषभूषाशास्त्र शिकले. १९९५ साली जर्मनीतील ‘इगेडो’ या वस्त्रमेळ्यास निमंत्रित झालेले ते पहिले भारतीय वेषभूषाकार. परंतु माझ्या दृष्टीने त्यांचे मोठे काम त्यानंतरचे आहे. गोव्याच्या कुणबी स्त्रियांची तांबड्या चौकड्यांची, खांद्यावर गाठ मारून नेसायची साडी लोपत चालली होती. तिला त्यांनी पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. ‘मोडा गोवा’ हा गोव्याच्या पेहरावाचा इतिहास त्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केला. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ते निवर्तले. ज्यांचे वस्त्र आपण रंगमंचावर नेतो, त्यांचे नावही तेथे उच्चारावे, हा धडा मी त्यांच्या कामापासून घेतला.

मेळ्याला जाण्याची तयारी सहा महिने आधी सुरू होते. आयात-निर्यातीचा सांकेतिक क्रमांक काढावा लागतो. नमुने परदेशी नेऊन परत आणायचे असतील, तर ‘कार्ने’ नावाचा जकातीचा परवाना लागतो. आपल्याकडे तो ‘फिक्की’ ही संस्था देते. त्यात प्रत्येक कपडा क्रमांकासह लिहिलेला असतो आणि वर्षाच्या आत ती सारी जंत्री जशीच्या तशी परत यावी लागते. मोहात पडून त्यातले एक जाकीटही तेथे विकता येत नाही. भाड्याने मिळणारी लहानांतली लहान जागा बहुधा नऊ चौरस मीटरची, आपल्या स्वयंपाकघराएवढी. तीन पातळ भिंती, एक मेज, दोन खुर्च्या, वर दिवे. त्या दिव्यांचेही भाडे वेगळे. जाणता खरेदीदार कपड्याची पुढची बाजू पाहत नाही. तो आधी जाकीट उलटे करतो, काखेतली शिवण ताणून पाहतो, मग काज-बटणावर अंगठा फिरवतो आणि शेवटी दर विचारतो.

फ्रँकफुर्टच्या मेळ्याच्या आवारालगत जोनाथन बोरोफ्स्की यांचे सुमारे एकवीस मीटर उंचीचे काळे शिल्प उभे आहे. त्या माणसाच्या हातातला हातोडा यंत्राच्या योगाने सावकाश वर जातो आणि खाली येतो. जगातल्या श्रमिकांसाठी उभारलेल्या या पुतळ्याच्या समोरून हजारो खरेदीदार घाईघाईने आत शिरतात आणि श्रमाची किंमत पाडून मागतात.

अशाच एका मेळ्यात उत्तर युरोपातील एका मोठ्या दुकानसाखळीच्या खरेदीदार बाईंनी आमचे जाकीट उलटे केले, शिवण पाहून मान डोलावली आणि चार हजार नगांची मागणी सांगितली. अटी तीन होत्या: माल नव्वद दिवसांत हवा, दर आमच्या दराच्या निम्म्याहून कमी, चौकडी विणलेली नसून गिरणीत छापलेली असली तरी चालेल, लेबल मात्र त्यांचे.

परत आल्यावर मी ही मागणी सर्वांपुढे ठेवली. आमच्यातील सर्वांत वयस्क शिवणकर्त्या मावशींची नात परिचारिकेचे शिक्षण घेते आणि त्या महिन्यात तिची फी भरायची होती. मावशी म्हणाल्या, “बाय, दारात आलेले काम परत पाठवायचे का?” हा प्रश्न सोपा नव्हता. नकार देण्याची चैन मला परवडली असती. त्यांना ती कदाचित परवडली नसती.

मग कापडावर आखायच्या खडूने आम्ही कापणीच्या मेजावरच हिशेब मांडला. एका जाकिटाला दोन मीटर, म्हणजे आठ हजार मीटर कापड. एका हातमागावर दिवसाला चार मीटर उतरते. सहा मागांवर तीनशे तेहतीस दिवस, तेही रविवार आणि सण न पाळता. विणणे सोडून छापील कापड घेतले तरी एका जाकिटाला साडेतीन तास शिलाई; अकरा जणींना सहा महिने. राहिला एकच मार्ग: बाहेरच्या गाळ्यांत जॉबवर्क देणे. त्यासाठी मी एक गाळा पाहून आले. दुसऱ्या मजल्यावर पन्नासेक यंत्रे आणि उतरायला एकच जिना. त्याच्या पायऱ्यांवर कापडाचे तागे रचलेले.

त्या रात्री मला सावरची आठवण झाली. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर येथे राणा प्लाझा ही आठमजली इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे मेली. त्यांत बहुसंख्य शिवणकामगार, आणि त्यांतही स्त्रिया अधिक. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. तळातील बँक आणि दुकाने बंद ठेवण्यात आली. शिवणकामगारांना मात्र कामावर बोलावण्यात आले. पुढे पोप फ्रान्सिस यांनी १ मे रोजी, कामगार योसेफाच्या सणाच्या मिस्सेत, त्या कामगारांच्या महिना अडतीस युरो पगाराला गुलामगिरी म्हटले. तेथे माल कोणाचा शिवला जात होता, याचा शोध घेणाऱ्यांना ढिगाऱ्यात सापडलेली लेबले उपयोगी पडली.

दुसऱ्या दिवशी मी हे सारे कारखान्यात सांगितले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मावशींनीच विचारले, “त्या जिन्यावरून उतरणाऱ्या बायकांची नावे आपल्याला ठाऊक असतील का?” नसतील, असे मी म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला आणि यंत्राच्या चाकाला हात लावला. आम्ही उलट प्रस्ताव पाठवला: चारशे नग, हातमागाचे कापड, चार महिने, आमचाच दर, आणि त्यांच्या लेबलशेजारी आमचेही लेबल. दोन ओळींत नकार आला.

या निर्णयाची किंमत आम्ही मोजली. त्या पावसाळ्यात आठवड्याचे सहा दिवस काम होते, त्याचे चार झाले. एक उत्तम कारागीर स्त्री नियमित पगारासाठी दुसरीकडे गेली आणि तिला दोष देण्याचा अधिकार आम्हांपैकी कोणालाही नव्हता. मावशींनी नातीच्या फीसाठी पतपेढीतून कर्ज काढले. त्याचे हप्ते आम्ही सर्वांनी मिळून वाटून घेतले. हिवाळ्यात त्याच मेळ्यात भेटलेल्या एका लहान दुकानदार जोडप्याने छत्तीस जाकिटे मागवली, पुढच्या वर्षी साठ. आकडा किरकोळ आहे. पण दरवर्षी येतो, आणि पत्रात ते शिवणाऱ्या बायकांची नावे घेऊन चौकशी करतात.

आपल्या धर्मग्रामातील शिवण शिकलेल्या मुली अधूनमधून विचारायला येतात. त्यांना मी सांगते: पहिल्या मेळ्याला केवळ पाहायला जा, मांडायला दुसऱ्या वर्षी. नमुने थोडे न्या, पण आतून स्वच्छ शिवलेले न्या. आगाऊ निम्मी रक्कम हाती आल्याशिवाय कापडाला कात्री लावू नका. आपले सर्वांचे मिळून दिवसाला किती तास होतात, हे पाठ असू द्या; कोणी मोठा आकडा उच्चारला की तोच हिशेब उपयोगी पडतो. आणि दरपत्रक लिहिताना शिलाईची मजुरी सर्वांत वर लिहा. बाकीचे आकडे तिच्याखाली बसवा.