मुखवट्याच्या आत कोण?

मला सुपरहीरो आवडतात. सत्तरी ओलांडलेल्या, तीसेक वर्षं पोरांना मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईने हे चारचौघांत सांगावं का, हा प्रश्नच आहे. पण भाचेकंपनीला सगळं ठाऊक असल्यामुळे आता लपवण्यात अर्थ नाही. माझ्या वाढदिवसाला साडी येत नाही, "मावशी, नवा स्पायडरमॅन लागलाय, नाशिकला येतेस का?" असा फोन येतो. आणि मी पेठहून एसटी पकडून, कोटंबीचा घाट उतरून-चढून जातेही. आमच्या ह्यांनी या बाबतीत केव्हाच हात टेकले होते.

गेल्या वर्षभरात मी एकाच गोष्टीची दोन रूपं पुन्हा पुन्हा पाहिली, आणि तेव्हापासून एक विचार डोक्यात घोळतोय. तो नीट मांडायचा तर जरा मागून सुरुवात करायला हवी.

मंडळी, माझा पहिला सुपरहीरो म्हणजे वेताळ. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ साली 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केलं, आणि पुढे ते मराठीतही निघू लागलं. ली फॉकने १९३६ साली जन्माला घातलेला 'फँटम' आमच्याकडे आला तो वेताळ होऊन. ज्याने कोणी हे नाव शोधलं त्याला माझा नमस्कार. आपल्याकडे वेताळ म्हणजे गावाबाहेरचा शेंदूर फासलेला दगड, भुतांचा राजा, रात्री ज्याच्या वाटेने जाऊ नये तो. जांभळ्या पोशाखातला, घोड्यावर बसणारा परदेशी गडी त्या एका नावाने आमचा झाला. नुसतं भाषांतर केलं असतं तर 'भूत' किंवा 'छाया' असलं काहीतरी झालं असतं आणि पोरांनी ढुंकूनही पाहिलं नसतं.

वेताळाची गंमत अशी, की त्याच्यात अलौकिक शक्ती काहीच नाही. जंगलातल्या लोकांना वाटतं हा चारशे वर्षं जिवंत आहे, अमर आहे. वाचणाऱ्याला मात्र माहीत असतं, की हा एकविसावा आहे. बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो. म्हणजे आत माणूसच आहे. फक्त जंगलाला ते कळू द्यायचं नाही. विदेशातल्या बहुतेक सुपरहीरोंचा पाया हाच. सुपरमॅनचा क्लार्क केंट, बॅटमॅनचा ब्रूस वेन. गुपित फुटलं की संपलं.

नोकरीसाठी पेठला आले तेव्हा मी पंचविशीची नव्हते. इथे मला बोहाडा पाहायला मिळाला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, तिकडे जव्हार-मोखाडा, या सगळ्या आदिवासी पट्ट्यात उन्हाळ्याच्या तोंडाला हा उत्सव होतो. रात्रभर सांबळ वाजतो, टेंभे पेटतात आणि एकेक सोंग येतं. गणपती, सरस्वती, भीम, रावण, नरसिंह. मोठमोठे मुखवटे, पूर्वी लाकडाचे, आता बरेचसे कागदाच्या लगद्याचे. पुष्कळ ठिकाणी कोणतं सोंग कोणत्या घराण्याने घ्यायचं ते ठरलेलं असतं. बाप थकला की मुखवटा मुलाकडे जातो. आठवलं ना? अगदी वेताळासारखं!

पण एक मोठा फरक आहे. बोहाड्यात गुपित नाही. आत कोण आहे ते अख्ख्या गावाला माहीत असतं. माझ्या शेजारी बसलेली म्हातारी मला पहिल्याच वर्षी सांगत होती, हा अमक्याचा धाकटा, याचं गुडघ्याचं दुखणं आहे, बघा आता तो डावा पाय जपून टाकेल. आणि तो मुखवटा समोर आला तेव्हा त्याच म्हातारीने हात जोडले. गुडघा दुखणाऱ्या पोराला नव्हे, देवाला. तरी त्या पोराचा गुडघा ती विसरली नव्हती. दोन्ही एकाच वेळी. मला त्या वेळी ते नीट उमगलं नाही, पण चित्र मनात राहिलं.

मग १९९७ साली दूरदर्शनवर 'शक्तिमान' आला. गावात टीव्ही मोजके, त्यात विजेचा लपंडाव. पण पुढे मालिका रविवारी दुपारी लागू लागली आणि ज्या घरात चित्र दिसे त्या घराच्या ओटीपासून पडवीपर्यंत पोरं दाटीवाटीने बसत. मीही त्यांच्यातच. मुकेश खन्ना त्याआधी 'महाभारता'त भीष्म होते, तेव्हा भारदस्तपणा होताच. पण मला आवडायचा तो पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री! पुढे आलेले दात, जाड चष्मा, वर्तमानपत्रात फोटो काढायची नोकरी. पोरांना शक्तिमान व्हायचं असायचं. गंगाधर कोणालाच व्हायचं नसायचं.

त्या काळात देशभर एक चिंता पसरली होती. शक्तिमान येऊन वाचवेल म्हणून मुलं उंचावरून उड्या मारतात, जिवाशी खेळतात, अशा बातम्या येत. मुकेश खन्नांना स्वतः पडद्यावर येऊन मुलांना समजवावं लागलं, असं करू नका म्हणून. बातम्या खऱ्या किती, वाढवलेल्या किती, यावर तेव्हाही वाद झाले. पण आमच्या वर्गातला एक पाचवीतला मुलगा गळ्याला टॉवेल बांधून जांभळीवरून उडी मारून बसला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. हात मोडला. प्लास्टर घालायला नाशिकला न्यावं लागलं.

पालक चिडले. टीव्ही बंद करा, बाईच पोरांबरोबर बसून बघतात, असंही कोणी बोललं. मी दुसऱ्या दिवशी वर्गात शक्तिमानबद्दल अवाक्षर काढलं नाही. विचारलं, "बोहाड्यात भीम कोण होतो?" सगळ्यांनी एका सुरात नाव सांगितलं. "तो भीम झाला की त्याच्यात बळ येतं का?" पोरं म्हणाली, येतं. "मग त्याला विहिरीत उडी मारायला सांगू या?" सगळे हसले. "बाई, तो बुडेल ना, त्याला पोहता येत नाही!" मग एका मुलीने हळूच विचारलं, "बाई, शक्तिमानच्या आत कोण आहे?" तो तास माझ्या नोकरीतला फार चांगला तास होता. आम्ही दोरी, कॅमेरा, मागचा पडदा, सगळ्यावर बोललो. पुढच्या रविवारी पोरं पुन्हा तितक्याच दाटीने शक्तिमान बघायला बसली. प्लास्टरवाला सगळ्यांत पुढे. आतला माणूस कळल्याने त्यांची मजा तसूभरही कमी झाली नाही. उड्या मात्र थांबल्या.

आता मुद्द्यावर येते. आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावात एक सुपरमॅन होऊन गेला. पेठहून नाशिक पन्नास-पंचावन्न किलोमीटर, तिथून मालेगाव आणखी शंभरेक. जिल्हा एक, पण आम्ही घाटातले आणि ते यंत्रमागांच्या खडखडाटातले. वर्तमानपत्रात मालेगाव यायचं ते दंगलीसाठी, नाहीतर २००६ आणि २००८ च्या बॉम्बस्फोटांसाठी. त्याच गावात नासिर शेख नावाचा माणूस लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा घेऊन सिनेमे काढत होता. आधी 'मालेगाव के शोले', नंतर 'मालेगाव का सुपरमॅन'. ट्रॉलीच्या जागी सायकल, क्रेनच्या जागी बैलगाडी. उडणं दाखवायला हिरवा पडदा. यंत्रमागावर काम करणारा शफीक शेख हा सुपरमॅन. अंगाने काडी! चड्डीचा नाडा बाहेर लोंबतोय. आणि खलनायक कसा, तर गावाला गुटख्याच्या आणि घाणीच्या नादी लावणारा. परग्रहावरून आलेलं संकट वगैरे नाही. मालेगावच्या माणसाला रोज जे दिसतं तेच.

या सिनेमाच्या जुळवाजुळवीवर फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट २००८ साली केला. तो भारतात चित्रपटगृहांत लागायला २०१२ उजाडलं. तोवर शफीक कर्करोगाने गेला होता. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' आला. वरुण ग्रोव्हर यांचं लेखन, आदर्श गौरव नासिरच्या भूमिकेत, शशांक अरोरा शफीकच्या. म्हणजे अमेरिकेच्या सुपरमॅनचं मालेगावी रूपांतर, आणि त्या रूपांतराचं पुन्हा मुंबईचं रूपांतर. मी दोन्ही भाच्याच्या टीव्हीवर लागोपाठ पाहिली.

'सुपरबॉइज'मध्ये शफीक आजारी पडतो आणि त्याच्यासाठी म्हणून मित्र सुपरमॅनचा सिनेमा काढतात. मी रडले. भाचा तोंड फिरवून बसला होता, म्हणजे तोही रडत असणार. चित्रपट उत्तमच आहे. पण माहितीपटात शूटिंगच्या वेळचा शफीक आजारी नाही. तो हसरा, लाजरा आहे. मध्येच त्याचं लग्न होतं आणि त्यासाठी शूटिंग थांबतं! जगाला वाचवायचं काम चार दिवस पुढे ढकलून सुपरमॅन बोहल्यावर चढतो. माझ्या मते सुपरहीरोंच्या पन्नास वर्षांच्या माझ्या नादात याहून सुंदर प्रसंग मी पाहिलेला नाही. मुंबईच्या चित्रपटाने आजारपण अलीकडे आणलं, कारण गोष्टीला टोक हवं असतं. त्यात गैर काही नाही. रूपांतर म्हटलं की काही सुटणारच. पण मरणाच्या छायेत केलेला सुपरमॅन आणि नुसत्या हौसेने केलेला सुपरमॅन यांत मला दुसरा मोठा वाटतो. कोणी मरत नसतानाही, कसलीही निकड नसतानाही, दिवसभर मागावर उभा राहिलेला माणूस संध्याकाळी निळा पोशाख घालतो. बघणाऱ्या गल्लीला माहीत असतं हा आपला शफीक आहे. तरी टाळ्या वाजतात. हा सरळसरळ बोहाडा आहे!

तेव्हा मला ती म्हातारी आठवली आणि इतकी वर्षं मनात राहिलेलं चित्र उलगडलं. परदेशी सुपरहीरो आत कोण आहे हे लपवून मोठा होतो. आपला, ते सगळ्यांना माहीत असूनही मोठा होतो. म्हणून नुसतं नाव नि कपडे बदलून रूपांतर जमत नाही. २०१५ साली श्रेयस तळपदेचा 'बाजी' आला, आपला मराठी मुखवटाधारी, घोड्यावरचा. मी फार आशेने गेले होते. मेहनत दिसत होती, पण तो मला कुठल्या गल्लीतला वाटेना. २०२३ साली स्पायडरमॅनचा एक ॲनिमेशनपट चक्क मराठीतही आला. त्यात मुंबईसारख्या शहरातला पवित्र प्रभाकर आहे. थोडाच वेळ दिसतो, पण चहावरून वाद घालतो, आणि मला तेवढ्यानेच तो ओळखीचा वाटला. मल्याळममधला २०२१ चा 'मिन्नल मुरली' तर जरूर बघा. गावातला शिंपी आहे तो.

आता थोडं मनातलं. पेठच्या आसपासच्या पाड्यांवरून भाताची, नागलीची कामं उरकली की माणसं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांच्या बागांत मजुरीला जातात. नव्या पिढीतले काही तिकडेच राहतात. मागे एका पाड्यावर बोहाड्याला गेले होते. एका घराण्याचा मुखवटा भिंतीला टेकवून ठेवलेला. घ्यायला कोणी आलं नव्हतं. सुट्टी मिळाली नाही म्हणे. शेवटी दुसऱ्याच घरातल्या एका मुलाने तो चढवला. सोंगाची पावलं त्याला धड येत नव्हती. लोक हसले, मग कोणीतरी पुढे होऊन त्याला ताल धरून दिला. आणि अर्ध्या तासाने त्याच लोकांनी त्याला हात जोडले.

मुखवटे काय, पुन्हा करता येतील. कॉम्प्युटरवर तर आकाश फाडून दाखवतात. खरी चणचण आहे ती आतल्या माणसाची, आणि त्याला नावाने ओळखणाऱ्या गावाची. ती मालेगावच्या त्या गल्लीत अजून आहे, आमच्या पाड्यांवर थोडीफार उरली आहे.

तुम्ही 'सुपरबॉइज' पाहणार असाल तर जरूर पाहा. फक्त आधी माहितीपट बघा. जेमतेम तासाभराचा आहे. शफीकला आधी भेटा, मग त्याचं सोंग घेतलेल्याला. म्हणजे दोघांनाही हात जोडता येतील.