समुद्रकाठचे आठ दिवसांचे घर

तुर्कस्तानातील अलान्या येथे स्वस्तातल्या 'अपार्ट हॉटेल'मध्ये उतरले, की खोलीबरोबर स्वयंपाकघरही मिळते. ती सोय ठरते की डोक्याला ताप, हे उतरणाऱ्या कुटुंबावर अवलंबून असते.

सकाळचे सात वाजलेले असतात. अलान्याच्या मागच्या गल्लीत बेकरीसमोर चार-पाच जण उभे असतात. त्यांत रबरी चपला घातलेला, झोपेतून नुकताच उठलेला एखादा परदेशी पाहुणाही असतो. भट्टीतून निघालेला लांबट पाव कागदात गुंडाळून त्याच्या हाती येतो. मुक्कामी पोहोचेपर्यंत पावाचे एक टोक मोडून खाल्लेले असते. वर तिसऱ्या मजल्यावर चहाचे आधण ठेवलेले असते, गॅलरीतल्या दोरीवर पोहण्याचे कपडे वाळत असतात आणि मुले 'समुद्रावर कधी जायचे' म्हणून भुणभुण करीत असतात.

हा पाहुणा हॉटेलात उतरलेला आहे. पण त्याची सकाळ मात्र एखाद्या घरातली आहे. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर अशा मुक्कामाला 'अपार्ट' म्हणतात. पंचतारांकित हॉटेलांच्या जाहिराती सगळीकडे दिसतात. बेतशीर पैशात मुलाबाळांना घेऊन येणारी युरोपातली आणि खुद्द तुर्कस्तानातली असंख्य कुटुंबे मात्र वर्षानुवर्षे या साध्यासुध्या अपार्टमध्येच उतरतात.

बागांच्या जागी इमारती

अलान्याच्या पुढे भूमध्य समुद्र आहे आणि पाठीशी टॉरस पर्वत. मधल्या चिंचोळ्या पट्टीत पूर्वी केळी आणि संत्र्यांच्या बागा होत्या. १९८२ मध्ये तुर्कस्तानने पर्यटनाला उत्तेजन देणारा कायदा केला आणि त्यानंतरच्या वर्षांत या किनाऱ्याचे रूपच पालटले. बागांच्या जागी चार-पाच मजली इमारती उभ्या राहिल्या. मोठी हॉटेले भांडवलदारांनी बांधली, तर लहान अपार्ट अनेकदा गावातल्याच कुटुंबांनी. अजूनही गल्लीबोळांत दोन इमारतींच्या मधे केळीची चार झाडे उभी दिसतात आणि गावाबाहेर हरितगृहांत केळीची शेती चालते. ही केळी आकाराने लहान, पण चवीला गोड असतात. जळगावकडच्या माणसाला ती पाहून घरची आठवण यावी.

अपार्टची रचना साधारण ठरलेली असते. तुर्की लोक घराचे माप '१+१' किंवा '२+१' असे सांगतात. पहिला आकडा झोपण्याच्या खोल्यांचा, दुसरा बैठकीच्या खोलीचा. बैठकीतला सोफा रात्री उलगडून मुलांसाठी पलंग करायचा. तिथेच एका भिंतीला ओटा, दोन चुलींची विजेची शेगडी, लहान फ्रिज, दोन पातेली आणि चार माणसांपुरत्या ताटल्या. छतावर सौर बंब, खाली पोहण्याचा तलाव आणि तलावाकाठी चहा-सरबताची टपरी. ऐषआराम म्हणावा असे काही नाही. धार नसलेली सुरी आणि बुडाला करपलेले पातेले जवळजवळ प्रत्येक अपार्टमध्ये हमखास भेटते. अनुभवी प्रवासी घरूनच एक छोटी सुरी आणि सोलणे मोठ्या बॅगेत टाकून आणतात.

बाजारात भेटणारे ओळखीचे शब्द

खरी गंमत स्वयंपाकघरापेक्षा त्यासाठी कराव्या लागणाऱ्या खरेदीत आहे. दर शुक्रवारी अलान्यात मोठा आठवडी बाजार भरतो. आजूबाजूच्या खेड्यांतून शेतकरी येतात. टोमॅटो, वांगी, सिमला मिरची, काकड्या, पुदिना, ऑलिव्हचे पंधरा प्रकार, डोंगरातला मध आणि टोपल्यांतली अंजिरे यांचे ढीग लागतात. विक्रेता कलिंगडाची फोड कापून आधी चाखायला देतो. घेतलेच पाहिजे असा आग्रह नसतो.

भाषा येत नाही म्हणून बावरलेल्या मराठी माणसाला इथे सुखद धक्का बसतो. बाजाराला तुर्कीत म्हणतात 'पझार'. साबण म्हणजे 'साबुन', साखर म्हणजे 'शेकेर', चहा म्हणजे 'चाय'. ताजे ते 'ताझे', तवा तो 'तावा' आणि फळांना शब्द आहे 'मेय्वे', म्हणजे आपला मेवाच. खाणावळीत बिल मागायचे तर 'हेसाप' म्हणावे. तो आपला हिशेब. आणि अपार्टमधला तो निळा पोहण्याचा तलाव? त्याला म्हणतात 'हावुझ', म्हणजे चक्क आपला हौद. अरबी आणि फारसीतून निघालेले हे शब्द एकीकडे तुर्कीत गेले, दुसरीकडे मराठीत आले. शेकडो वर्षांनी ते भाजीच्या ढिगाऱ्यापाशी पुन्हा एकत्र भेटतात. फक्त 'पेय्नीर' मागताना सावध राहावे. ते आपले पनीर नव्हे, तर खारवलेले चीज निघते.

शाकाहारी कुटुंबाला तर ही दोन चुलींची शेगडी वरदानच आहे. मसुराची डाळ, छोले, तांदूळ आणि घट्ट दही कोणत्याही किराणा दुकानात मिळते. बाहेर जेवायचे झाले तर मसुराचे सूप, पालक किंवा चीज भरून तव्यावर भाजलेली 'गोझलेमे' नावाची पोळी आणि सोबत 'आयरान' म्हणजे खारे ताक, एवढ्यावर पोट छान भरते. चहासाठी एकावर एक बसणाऱ्या दोन किटल्यांचे 'चायदानलक' असते. खालच्या किटलीत पाणी उकळते, वरच्या किटलीत पत्ती मुरते. कडक अर्क पेल्यात घ्यायचा आणि वरून पाणी घालायचे. दूध मात्र आपले आपण आणायचे.

सुट्टी कोणाची?

इथपर्यंत सारे छान. पण एक प्रश्न उरतोच. सुट्टीतही ओट्यापाशी उभे राहायचे असेल, तर ती सुट्टी घरातल्या गृहिणीची कशी?

हा प्रश्न किनाऱ्यावरच्या प्रत्येक अपार्टमध्ये सारखाच आहे. जर्मन असो, पोलिश असो वा इस्तंबूलची असो, सकाळी गॅलरीत काकडी-टोमॅटो चिरताना बहुधा आईच दिसते. मोठ्या हॉटेलांनी या प्रश्नावर सोपा तोडगा काढला. नव्वदच्या दशकापासून या किनाऱ्यावर 'सर्व काही समाविष्ट' ही पद्धत फोफावली. मनगटावर प्लॅस्टिकचा पट्टा बांधायचा आणि न्याहारीपासून रात्रीच्या आइस्क्रीमपर्यंत सारे हॉटेलातच घ्यायचे. आईला विश्रांती मिळते हे खरे. पण पाहुण्याला फाटकाबाहेर पडण्याचे कारणच उरत नाही. आठ दिवस राहून तो गावातल्या एकाही माणसाशी बोलत नाही आणि बाहेरचा खाणावळवाला, फळवाला, बेकरीवाला रस्त्याकडे पाहत बसतो. अपार्टमध्ये उतरणाऱ्या कुटुंबाचे पैसे थोडे असतील, पण ते गल्लीतल्या दहा दुकानांत वाटले जातात.

म्हणून उत्तर स्वयंपाकघर टाळण्यात नाही, कामाची वाटणी करण्यात आहे. काही कुटुंबे निघण्यापूर्वीच नियम ठरवून टाकतात. सकाळचा पाव वडिलांनी आणायचा, न्याहारीचे टेबल मुलांनी मांडायचे, दुपारी पाव-चीज-कलिंगड असे बिनस्वयंपाकाचे जेवण, आणि रात्री एक दिवस बाहेर, एक दिवस घरी. भांडी ज्याची त्याने विसळायची. घरी वर्षभर जे जमत नाही, ते इथे चार ताटल्या आणि दोन पातेल्यांमुळे सहज जमते. सुट्टीत लागलेली ही सवय घरी परतल्यावरही टिकली, तर तिकिटाचे पैसे वसूल झाले असेच म्हणावे लागेल.

आणखी एका बाईची आठवणही ठेवायला हवी. लहान अपार्टमध्ये खोल्या झाडणारी, चादरी बदलणारी स्त्री पुष्कळदा मालकाच्याच घरातली असते. हंगाम साधारण एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत. तेवढ्या दिवसांत वर्षाची कमाई करायची असते. जुलै-ऑगस्टच्या दमट उकाड्यात जिने चढून उतरून तिची सुट्टी कधीच येत नाही. निघताना ओटा पुसून, कचरा बांधून ठेवण्याला फारसे कष्ट पडत नाहीत.

गरम पावाची जुनी गोष्ट

पाहुण्याची कदर करण्याची रीत इथे जुनी आहे. १३३० च्या सुमारास मोरोक्कोचा प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता सीरियातून जहाजाने निघाला आणि याच अलान्याच्या बंदरात उतरला. पुढे तो महंमद तुघलकाच्या दिल्लीत काझी झाला आणि आपल्या दौलताबादलाही येऊन गेला. या मुलखातल्या लोकांच्या प्रेमळपणाबद्दल त्याने मनापासून लिहिले आहे. मुक्काम पडला की शेजारपाजारचे स्त्री-पुरुष विचारपूस करायला येत. आठवड्याच्या पावाची भट्टी लागली, की पुरुष गरम पाव घेऊन येत आणि हा बायकांनी पाठवला आहे, त्यांच्यासाठी दुआ करा, असे सांगत. जगभर फिरलेल्या माणसाच्या लक्षात राहिला तो कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून आलेला पाव!

इब्न बतूताने पाहिलेली अलान्या आजही बरीचशी उभी आहे. सेल्जुक सुलतान अलाउद्दीन कैकुबाद याने १२२१ मध्ये हे ठाणे जिंकून घेतले. बंदरावरचा अष्टकोनी लाल बुरूज १२२६ चा. तेहतीस मीटर उंचीच्या या बुरुजाचे काम अलेप्पोहून आलेल्या स्थपतीने केले. जवळच पाच कमानींची गोदी आहे, १२२८ ची. समुद्राचे पाणी आजही कमानींच्या आत शिरते आणि एकेकाळी तिथे जहाजे कशी बांधली जात असतील, हे मुलांना न सांगता कळते. समुद्रात घुसलेल्या डोंगरावर किल्ला आहे. त्याची तटबंदी सुमारे साडेसहा किलोमीटर लांब आहे. पायथ्यापासून २०१७ मध्ये रोपवे सुरू झाला, त्यामुळे आजी-आजोबांनाही वर जाता येते.

डोंगराच्या पश्चिमेला क्लिओपात्राच्या नावाचा किनारा आहे. राणी इथे पोहायला यायची, ही आख्यायिका. किनारा मात्र सुमारे दोन किलोमीटर लांब आणि स्वच्छ आहे. पाणी काही पावलांतच खोल होते, तेव्हा लहान मुलांचा हात सोडू नये. शेजारीच दामलातश गुहा आहे. १९४८ मध्ये बंदराच्या बांधकामासाठी दगड फोडताना ती सापडली. आतली दमट हवा दम्याला चांगली, अशा समजुतीने अनेक जण तिथे बसायला येतात. अर्थात डॉक्टरांच्या औषधाला तो पर्याय नव्हे.

जाण्यापूर्वी

अंतल्या विमानतळापासून अलान्या सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे. गाझीपाशाचा छोटा विमानतळ त्याहून जवळ, सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. गावात फिरायला 'दोलमुश' नावाच्या लहान बस असतात. या शब्दाचा अर्थच 'भरलेली'. आपल्याकडचे वडाप ज्याने पाहिले आहे, त्याला अधिक सांगायला नको.

खोली ठरवताना वातानुकूलन भाड्यात धरले आहे का, चादरी-टॉवेल किती दिवसांनी बदलतात, लिफ्ट आहे का आणि समुद्र चालत किती दूर, एवढे आधी विचारावे. 'समुद्राजवळ' या शब्दाचा अर्थ कधी कधी मधला हमरस्ता ओलांडून वीस मिनिटे असाही होतो. पिण्यासाठी पाच लिटरच्या बाटल्या विकत घ्याव्यात. पासपोर्टची नोंद करणे मालकाला कायद्याने भागच असते, त्यात वावगे काही नाही. २०२३ च्या जानेवारीपासून दोन टक्के निवास कर लागू झाला. १ जानेवारी २०२४ पासून खाजगी सदनिका शंभर दिवसांपर्यंतच्या मुदतीसाठी पर्यटकांना भाड्याने देण्यास सरकारी परवाना सक्तीचा झाला. तेव्हा कोणाचा फ्लॅट परस्पर घेताना परवान्याची खात्री करावी.

स्वस्ताईच्या जुन्या गोष्टींवर फार विसंबू नये. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथला महागाईचा अधिकृत दर ८५ टक्क्यांवर गेला होता, आणि त्यानंतर खाणावळींचे दर वरचेवर बदलत राहिले. अशा वेळी अपार्टमधल्या शेगडीची किंमत अधिकच कळते. मे २०२५ मधील भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली, म्हणून अनेक भारतीयांनी तिकडचे बेत रद्द केले. जायचे की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय. व्हिसाचे नियम आणि सरकारी सूचना मात्र निघण्यापूर्वी पाहून घ्याव्यात.

शेवटच्या दिवशी फ्रिज रिकामा करावा लागतो. अर्धे कलिंगड शेजारच्या खोलीत जाते, उरलेली साखर नव्या पाहुण्यांसाठी डब्यात राहते. आणि पाव? तुर्की माणूस पाव कधी कचऱ्यात टाकत नाही. शिळे तुकडे पिशवीत भरून तो कुंपणाच्या खिळ्याला अडकवतो. गुराढोरांसाठी, पक्ष्यांसाठी कोणीतरी ती घेऊन जाते. बॅगा गाडीत चढत असताना एखादी आई मुलाच्या हाती ती पिशवी देते आणि खिळा दाखवते. आठ दिवसांपूर्वी आलेले पाहुणे तोवर त्या गल्लीची रीत शिकलेले असतात.