यकृताच्या गाठीनंतरची पाठदुखी

कापूस वेचणीच्या दिवसांत फुलसावंगीतील माझ्या दवाखान्यात पाठदुखीचे रुग्ण रोजच येतात. म्हणूनच, यकृतातील कर्करोगाची गाठ काढलेल्या एका आजोबांना मी आधी नुसते मलम दिले. ती चूक अजून सलते. त्यांचे दुखणे रात्री, पडून असतानाही वाढत होते. कर्करोग मणक्यात पोहोचला होता.

गाठ मोठी वा एकाहून अधिक असणे, ती यकृतातील रक्तवाहिन्यांत शिरलेली असणे, रक्तातील एएफपी फार वाढलेले असणे, यांमुळे हा धोका वाढतो. आपल्या अहवालांत हे काय लिहिले आहे, ते डॉक्टरांकडून समजून घ्या. अशा पाठीला मालीश नको. यकृत दुबळे असताना मनाने वेदनाशामक गोळ्याही नकोत. पायांतली शक्ती गेली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. आजोबांना किरणोपचारांनंतर रात्री झोप लागू लागली.