सीमेपलीकडचा प्रतिस्पर्धी

वेवजीच्या त्या दुकानदाराचे मन मुंबईच्या संघात, तर सासुरवाड सीमेपलीकडच्या उंबरगावची. जानेवारी २०१७ मध्ये इंदूरला रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईसमोर गुजरात उभा राहिला. मुंबई ४१ वेळा विजेती. गुजरात ६६ वर्षांनी अंतिम फेरीत. त्याने प्रतिस्पर्ध्याला मोजलेच नाही. परंतु पार्थिव पटेलने ९० आणि १४३ धावा काढल्या व गुजरातने ३१२ धावांचे लक्ष्य पाच गडी राखून गाठले.

तो दिवस संक्रांतीचा होता. मेहुण्याच्या हातावर तिळगूळ ठेवताना तो म्हणाला, “तुमच्या संघाला मी कमी लेखले. मिच्छामि दुक्कडम्.” पराभवापेक्षा स्वतःचा अहंकारच त्याला अधिक बोचला होता. समोरच्याचीही बाजू असते, हा अनेकांताचा पाठ त्याला त्या दिवशी खऱ्या अर्थाने उमगला.