सव्वा महिना होऊ दे

नवजात बाळांचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओंचा एक ठरलेला हिशेब असतो. बाळ पाच दिवसांचं झालं की आणा, चौदाव्या दिवसाच्या पुढे जाऊ नका. या दिवसांत ते गाढ झोपतं, पोटात होतं तसं हातपाय मुडपून घेतं, वळवावं तसं वळतं. पंधरवडा उलटला की झोप सावध होते. हिशेब खोटा नाही. पण लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळच्या एखाद्या घरात तो सांगून पाहावा. पाचव्या दिवशी पाचवी, सटवाई पुजायची रात्र. बाराव्या दिवशी बारसं, पाळणा, घुगऱ्या. त्यानंतरही बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, बाळंतिणीच्या कानाला घट्ट बांधलेला रुमाल आणि दाराला पडदा. ज्या आठ-दहा दिवसांत स्टुडिओला लेकरू हवं असतं, नेमक्या त्याच दिवसांत घर त्याला उंबरा ओलांडू देत नाही.

"सव्वा महिना होऊ दे, मग काय फोटू काढायचे ते काढा." आजी एवढंच बोलते आणि विषय संपतो.

आजीच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. नवजात लेकराच्या वजनाच्या मानाने अंगाची कातडी जास्त, त्यामुळे ऊब झपाट्याने जाते. उघड्या अंगाने फोटो काढायचे तर खोली 26 ते 28 अंशांवर ठेवावी लागते, म्हणजे मोठी माणसं घामाघूम होतील इतकी. भर मे महिन्यात शिरूरहून लातूरला न्यायचं तर वाटेत ऊन आणि पोचल्यावर एसीचा गारवा. शिवाय हल्ली सगळीकडे दिसणारी ती बैठक, दोन्ही तळव्यांवर हनुवटी टेकून झोपलेलं बाळ! त्या वयाच्या लेकराला मान धरता येत नाही. ती सावरायला तीन-चार महिने जातात. जाणता फोटोग्राफर हा फोटो एका दमात काढतच नाही. एकदा डोकं कुणीतरी धरतं, एकदा मनगटं धरतं, आणि मग संगणकावर दोन फोटो जोडून धरणारे हात पुसले जातात. ज्याला हे माहीत नाही त्याने ही बैठक घालूच नये, आणि आईबापांनी तिचा हट्ट धरू नये.

तालुक्याच्या गावातले स्टुडिओ लग्नसराईवर आणि पासपोर्ट फोटोवर चालतात. लेकरू तिथे पोचायच्या आधी पुष्कळदा त्याचा पहिला रीतसर फोटो आधार केंद्रावर निघतो. पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, डोळ्यांची बुबुळं टिपत नाहीत. फक्त चेहऱ्याचा फोटो घेतात. मांडीवर धरलेलं, डोळे किलकिले केलेलं ते लेकरू मग पाच वर्षं त्या कार्डावर तसंच राहतं.

बाईमाणूस बाहेर पडत नाही, मग फोटो कसा निघायचा? हा प्रश्न या मुलखाला नवा नाही. लातूर, नांदेड, सगळा मराठवाडा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्यात या प्रश्नाचं उत्तर 1892 मध्येच शोधलं गेलं होतं. शोधणारा माणूस होता राजा दीनदयाळ. 1844 साली मेरठजवळच्या सरधन्यात जन्म, रुडकीच्या कॉलेजात इंजिनिअरिंगचं शिक्षण, मग इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे काढायची नोकरी. तिथेच तीस वर्षांच्या आसपास कॅमेरा हाती लागला. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी पाठ थोपटली आणि माणूस नोकरी सोडून याच नादाला लागला. पुढे सहावा निजाम महबूब अली खान याने त्याला दरबारी छायाचित्रकार केलं आणि 'मुसव्विर जंग' हा किताब दिला.

किल्ले, मेजवान्या, शिकारी, हत्ती, लाटसाहेबांचे दौरे, सगळं दीनदयाळांनी टिपलं. पण घरातल्या बायका राहिल्याच होत्या. पडद्यातली बाई पुरुषासमोर बसणार नाही आणि कॅमेऱ्यामागे तर पुरुषच. दीनदयाळांनी पडद्याशी भांडण मांडलं नाही. त्यांनी बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ उभारला, भोवती उंच भिंती घातल्या आणि आतला सगळा कारभार श्रीमती केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंच्या हाती दिला. फोटो काढणारी बाई, काढून घेणारी बाई. कुणाची चाल मोडली नाही आणि चेहरेही काचेवर उतरले. ज्या घरांतल्या बायकांचं नावसुद्धा चारचौघांत घेत नसत, त्या घरांतून त्या मेणे-गाड्यांतून यायच्या. दीनदयाळ 1905 मध्ये गेले. त्यांच्या अडीच हजारांहून जास्त काचेच्या निगेटिव्ह 1989 मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. आज शाही हैदराबाद डोळ्यांपुढे आणायचं म्हटलं की त्याच काचा कामी येतात. मात्र त्यांचं सगळ्यात मोठं काम कोणतं म्हणाल तर हत्तींची मिरवणूक नव्हे, त्या उंच भिंती. गिऱ्हाइकाची रीत मोडायला न लावता त्याच्यापर्यंत पोचणं फार थोड्या कारागिरांना जमतं.

आता कॅमेरा घेऊन बाळंतिणीच्या खोलीत येणाऱ्या मुली मोठ्या शहरांत दिसू लागल्या आहेत. हात धुऊन, तोंडाला मास्क लावून, दिवे न मांडता खिडकीच्या उजेडात तासाभरात काम आटोपून जातात. तालुक्याच्या गावांतूनही अशा मुली तयार व्हायला हव्यात. हा धंदा त्यांचाच आहे.

दीनदयाळांच्या काळात युरोप-अमेरिकेत पडद्याच्या अगदी उलट अडचण होती. तिथे आई स्टुडिओत येत होती, पण फोटोत नको असायची. त्या काळी काचेवर चित्र उमटायला काही सेकंद लागत, लेकराला तेवढा वेळ हलू द्यायचं नाही. म्हणून आई खुर्चीत बसायची, तिच्यावर शाल नाहीतर गालिचा टाकायचे आणि त्यावर बाळ ठेवायचे. कित्येक फोटोंत ती खुर्ची माणसाच्या आकाराची दिसते. लिंडा फ्रेग्नी नाग्लर या कलावतीने असे हजाराच्या आसपास फोटो जमवले आणि 2013 मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत मांडले. ते पाहताना बाळाकडे लक्षच जात नाही.

आपल्याकडचा जुना फोटो वेगळा होता. लेकरू पालथं पडायला लागलं, मान उचलायला लागलं की स्टुडिओत न्यायचे. अंगावर फक्त करदोडा, पायात वाळे, मनगटात काळे मणी, खाली पांढरी चादर. दोन्ही मुठी आवळलेल्या, खालच्या ओठावर लाळेचा थेंब, आणि टाळूला चोपडलेल्या तेलाने चपटे झालेले केस. समोर मामा खुळखुळा वाजवत असायचा, म्हणून नजर कॅमेऱ्याच्या जराशी वर. शिरूर अनंतपाळ तालुक्यातच उजेडला महात्मा गांधींच्या नावाने यात्रा भरते. अशा यात्रांतल्या फोटोच्या पालात ताजमहालाचा पडदा असायचा, लाकडी विमान असायचं. पण पालथ्या लेकराच्या फोटोला मागे पडदा लागायचा नाही. झोपलेल्या बाळाला टोपलीत ठेवून काढलेल्या फोटोपेक्षा तो कधीही सरस. त्यात लेकरू स्वतः काहीतरी करत असतं.

तेव्हा घाई नको. सव्वा महिना झाला की लगेच नेऊ म्हणणाऱ्यांनी कॅलेंडर बघावं, कारण पाठोपाठ दीड महिन्याचं लसीकरण येतं. पेंटाव्हॅलंटच्या इंजेक्शनानंतर मांडी दुखते, अंग कढत होतं. ते दोन-तीन दिवस सोडावेत. अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या डोसलाही तेच. त्यानंतरचा चौथा महिना सगळ्यांत चांगला. सकाळची वेळ मागावी, निघताना नव्हे तर तिथे पोचल्यावर निवांत दूध पाजावं. नवं कोरं भरजरी झबलं टोचतं; त्यापेक्षा आजीच्या विरलेल्या लुगड्याचं धुऊन मऊ झालेलं दुपटं न्यावं, फोटोत त्याचा रंगही छान उतरतो. तीट गालाला जरूर लावावी, काजळ डोळ्यांत घालू नये. डॉक्टर ते नको म्हणतात आणि ते पसरतंही. सोबत दोनच माणसं असावीत. पाच जणांनी पाच बाजूंनी टाळ्या वाजवल्या की लेकरू कुणाकडेच बघत नाही, रडायला लागतं. रडलं तर थांबावं, परत फिरावं लागलं तरी फिरावं.

आणि बाळाच्या आईसाठीही एक चांगली साडी पिशवीत घाला. ती "माझा कशाला" म्हणेल. तिचं ऐकू नका. बाळाला तिच्या मांडीवर द्या आणि तिचा चेहरा दिसेल असा एक फोटो काढून घ्या, कागदावर छापून.