तीन दिवसांनी लागलेला निकाल

शार्लटला राहतो म्हटल्यावर पुण्याचे मित्र आधी बँकांबद्दल विचारतात आणि मग हमखास म्हणतात, "त्या गाड्या नुसत्या गोल गोल फिरतात ना रे? बघायचं काय त्यात?" मंडळी, गाड्या राहू द्या, प्रेक्षकांकडे बघा. खरी गंमत तिथे आहे.

नॅस्कारची पहिली 'स्ट्रिक्टली स्टॉक' शर्यत 1949 साली याच शार्लटमध्ये झाली. स्टॉक म्हणजे शोरूममधून आणलेली, शेजाऱ्याच्या दारात उभी असते तशीच गाडी. फोर्डवाला फोर्डसाठी घसा फोडणार, हे ओघानंच आलं. 1959 च्या पहिल्या डेटोना 500 मध्ये तर आधी जॉनी बोशाम्पला विजेता ठरवलं आणि फोटो, न्यूजरील वगैरे तपासून तीन दिवसांनी ली पेटीला विजयी घोषित केलं. तीन दिवस! आता गाडीतला ट्रान्सपॉन्डर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत फरक दाखवतो.

मग आला टीव्ही. 1979 ची डेटोना 500 सीबीएसने पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत देशभर थेट दाखवली. पूर्वेकडे बर्फाचं वादळ, लोक घरात अडकलेले. शेवटच्या फेरीत केल यारबरो आणि डॉनी ॲलिसन एकमेकांवर धडकले, मागून आलेला रिचर्ड पेटी जिंकला आणि इकडे मैदानात गुद्दागुद्दी! ज्यांनी आयुष्यात शर्यत पाहिली नव्हती, तेही चिकटले.

माझ्या टीममधला एक साठीचा सहकारी त्या काळातला. तो अजूनही ट्रॅकवर स्कॅनर घेऊन जातो. कानाला हेडफोन लावून ड्रायव्हर आणि क्रू चीफचं बोलणं ऐकतो. टायर गेला, पेट्रोल संपत आलंय, सगळं त्याला आधी कळतं. 18 फेब्रुवारी 2001 ला डेल अर्नहार्ट शेवटच्या फेरीत गेला, तो विषय मात्र तो काढत नाही.

त्याची सध्याची तक्रार वेगळीच. 2025 पासून एकाच मोसमातल्या शर्यती फॉक्स, प्राइम व्हिडिओ, टीएनटी आणि एनबीसी अशा चार जणांत वाटल्यात. "पूर्वी शर्यत शोधावी लागत नव्हती," तो म्हणतो. शिवाय 2022 पासूनच्या नव्या गाडीचे बहुतेक भाग सगळ्या टीम एकाच ठरलेल्या पुरवठादाराकडून घेतात. मग आपली फोर्ड आपली कशी?

पटतं. पण 'जुनं ते सोनं' म्हणताना मी जरा थबकतो. जून 2020 मध्ये, बबा वॉलेसने उघडपणे मागणी केल्यावर, नॅस्कारने आपल्या शर्यतींच्या ठिकाणी कॉन्फेडरेट झेंड्यांवर बंदी घातली. तोवर कित्येक दशकं ते झेंडे तिथे फडकत होते. सोनं सगळ्यांसाठी नव्हतं. त्या सुवर्णकाळात माझ्यासारखा सावळा माणूस तिथे किती निवांत बसला असता, कोण जाणे.

म्हणजे बघा, माहिती वाढली, वाट पाहणं संपलं, गाडीशी असलेलं घरगुती नातं सुटलं. पण दार थोडं रुंद झालं. जमाखर्च मांडायचा तर दाराचा आकडा धरूनच मांडायला हवा.

असो. मे महिन्यात इथे 600 मैलांची शर्यत असते. या वेळी सहकारी माझ्यासाठी दुसरा हेडफोन आणणार आहे. डबा माझ्याकडे. बटाटेवडे चालतील, असं तो म्हणालाय!