मुलाखतीची इंग्रजी आणि गौण वाक्ये : मालवण किनाऱ्यावरील एका प्रौढवर्गाचा अनुभव

मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात इंग्रजी शिकायला येणारा प्रौढ विद्यार्थी सहसा भाषेच्या ओढीने येत नाही, नोकरीच्या गरजेने येतो. १९८१ साली रत्नागिरीपासून वेगळा झालेला सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, आणि पुढच्या काळात किनाऱ्यावरील घरांच्या उत्पन्नात मासेमारीच्या जोडीला स्कूबा डायव्हिंग, न्याहारी-निवास, होड्यांच्या फेऱ्या आणि शेजारच्या गोव्यातील हॉटेलांतली नोकरी यांची भर पडत गेली. यांपैकी नोकरीची जी कामे आहेत त्यांची मुलाखत पुष्कळदा इंग्रजीत होते. असा वर्ग पावसाळ्यात भरवणे सोयीचे असते, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, जलक्रीडाही त्या दिवसांत थांबलेल्या असतात आणि एरवी पहाटेच घराबाहेर पडणारी माणसे संध्याकाळी मोकळी सापडतात. येथे ज्या वर्गाचा अनुभव नोंदवला आहे, त्यात खलाशी होते, पर्यटकांना पाण्याखाली नेणारे गाइड होते, हॉटेलात वाढप्याचे काम केलेले तरुण होते आणि घरच्या दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या स्त्रियाही होत्या. मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले ते २००० सालापासून, त्यामुळे वर्गातील वयाने मोठ्या विद्यार्थ्यांची आणि इंग्रजीची पहिली गाठ पाचवीत पडलेली होती.

मुलाखतीच्या तयारीची बाजारात मिळणारी पुस्तके ज्या शब्दांवर भर देतात, ते शब्द या वर्गाला आधीच पाठ होते. ‘हार्डवर्किंग’, ‘सिन्सियर’, ‘पंक्च्युअल’, ‘टीम प्लेअर’ ही विशेषणे ‘तुमच्यात कोणते गुण आहेत’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून जवळजवळ प्रत्येकाने पाठ केलेली असत. परंतु ती उच्चारताना आवाज खाली जाई, नजर जमिनीकडे वळे, आणि या संकोचाचे कारण इंग्रजीच्या कच्चेपणात शोधले तर ते हाती लागत नसे. आपलीच फुशारकी आपण मारू नये, असे वळण ज्या घरांत लहानपणापासून लागते, त्या घरांतील माणसाला ‘मी कष्टाळू आहे’ हे मराठीतही चारचौघांत म्हणवत नाही, मग अनोळखी अधिकाऱ्यापुढे परक्या भाषेत कसे म्हणवेल? ही अडचण शिष्टाचाराची होती. तिच्यावरचा उपाय मात्र व्याकरणात निघाला, आणि शिकवणाऱ्याच्या दृष्टीने या वर्गाची खरी कमाई तीच होती.

मुख्य वाक्यातील क्रिया केव्हा, कोठे, कशी, का, कशासाठी अथवा कोणत्या अटीवर घडते हे सांगणारे जे गौण वाक्य, त्याला शालेय व्याकरणात क्रियाविशेषण वाक्य म्हणतात. ही संज्ञा विद्यार्थ्यांनी वाक्यपृथक्करणाच्या प्रश्नात गुणांसाठी घोकलेली असते, पण ती बोलण्याच्या उपयोगाची आहे अशी शंकाही कोणी त्यांच्या मनात येऊ दिलेली नसते. ‘मी शांत स्वभावाचा आहे’ या विधानाऐवजी ‘पाण्याखाली पाहुणा घाबरतो तेव्हा मी त्याचा हात धरतो आणि त्याला हळूहळू वर आणतो’ असे सांगितले, की वक्त्याला स्वतःविषयी कोणताच अभिप्राय द्यावा लागत नाही. प्रसंग गौण वाक्यात येतो, कृती मुख्य वाक्यात येते आणि अभिप्राय मुलाखत घेणाऱ्याने आपला आपण बनवायचा असतो. हा फरक लक्षात आल्यावर एरवी मान खाली घालून बोलणारे गाइड वारा, प्रवाह, पाण्याची गढूळता यांविषयी सलग बोलू लागले, कारण या कामातले शहाणपण मुळातच अटींच्या रूपाने साठवलेले असते. ‘वारो फिरलो तर होडी काढूची नाय’ हे ज्याला होडीच्या तांडेलाकडून, म्हणजे म्होरक्याकडून, लहानपणी ऐकून ठाऊक असते, त्याला संकेतार्थ शिकवावा लागत नाही, फक्त त्याची इंग्रजी मांडणी शिकवावी लागते.

ती मांडणी मात्र सोपी नाही. मराठीत जोडशब्द जोडीने येतात, जेव्हा-तेव्हा, जर-तर, जरी-तरी, आणि जोडीतला पहिला शब्द गाळला तरी चालतो, दुसरा सहसा गाळत नाहीत. इंग्रजीत याच्या उलट गौण वाक्याच्या आरंभीचा शब्द अनिवार्य असतो आणि मुख्य वाक्यापुढे दुसरा शब्द लावण्याची गरज नसते, काही ठिकाणी तर तो चूकच ठरतो. म्हणून ‘ऑलदो’ने सुरू झालेल्या वाक्यात ‘बट’ आणि ‘बिकॉज’ने सुरू झालेल्या वाक्यात ‘सो’ हटकून येत असे, आणि ही चूक निष्काळजीपणाची आहे असे मानणारा शिक्षक ती कधीच काढू शकणार नाही. दुसरा पेच काळाचा. ‘पाऊस पडला तर’ या रचनेत भविष्यातल्या घटनेसाठी मराठी भूतकाळी रूप वापरते, त्यामुळे ‘इफ’नंतर वर्तमानकाळी रूप घ्यायचे, हे विद्यार्थ्यांना मनापासून पटत नाही, उलट ‘पाहुण्याने तक्रार केली तर तुम्ही काय कराल’ अशा केवळ कल्पनेतल्या प्रश्नाला इंग्रजी भूतकाळी रूपाने उत्तर देणे त्यांना चटकन साधते. ‘अनटिल’चे दुखणे नकारातून येते, कारण ‘जोपर्यंत बोट येत नाही तोपर्यंत’ या वाक्यातला ‘नाही’ इंग्रजीतही तसाच उतरतो आणि अर्थ उलटा होऊन बसतो. याखेरीज ‘पोहोचल्यावर’, ‘पोहताना’, ‘सिलिंडर तपासून’ अशा धातुसाधितांनी मराठी जे सहज साधते, तेथे इंग्रजीला कर्ता आणि क्रियापद असलेले पूर्ण वाक्य अनेकदा सोयीचे पडते. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली इंग्रजी व्याकरणाच्या धाटणीवर मराठी व्याकरण रचल्यापासून वाक्यांच्या वर्गीकरणावर इंग्रजीची छाया राहिली आहे, आणि मराठीच्या स्वभावातली ही धातुसाधिते क्रियाविशेषण वाक्यांच्या यादीत दिसत नाहीत. त्यामुळे विद्यार्थ्याला आपल्या भाषेतली सर्वांत कामाची रचना कोणत्या इंग्रजी रचनेशी जुळते, हे शाळेत कधी कळतच नाही.

शब्दसंग्रहाचा भाग त्या मानाने लवकर आटोपला. ‘नोटीस पिरियड’ म्हणजे नोकरी सोडण्यापूर्वी कळवायची मुदत, ‘एक्स्पेक्टेड सॅलरी’ म्हणजे अपेक्षित पगार, ‘रेफरन्स’ म्हणजे आपल्याविषयी खात्री देऊ शकणारी आधीच्या कामावरची व्यक्ती. हे शब्द एकदा उलगडले की पुरे होते. अपवाद ‘एक्सपिरियन्स’चा. वर्षानुवर्षे वडिलांबरोबर समुद्रावर गेलेले, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे, ओढलेले खलाशी आपल्याला अनुभव ‘नील’ असल्याचे अर्जात लिहीत, कारण पगारपत्रक नसलेले काम अनुभवात मोजायचे असते हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

सर्वांत जास्त वेळ गेला तो ‘ऑलदो’वर, आणि तो योग्य जागी गेला असे म्हणावे लागेल. शिक्षण अर्धवट का सुटले, या प्रश्नापाशी मुलाखत बहुतेकदा अडखळते. ‘जरी दहावीनंतर शाळा सुटली, तरी आठ महिने पाहुण्यांत वावरून बोलण्याची सवय झाली’ अशा विरोधदर्शक वाक्यात उणीव गौण जागी जाते आणि जमेची बाजू मुख्य जागी येते, म्हणजे काहीही न लपवता बोलण्याचा तोल सावरता येतो. ‘बट’ गाळण्याची सवय तोंडी सरावानेच लागली. फळ्यावरच्या नियमाने लागली नाही.

स्त्रियांपैकी बहुतेकींना कोणत्याही कचेरीत मुलाखतीला जायचे नव्हते, त्यामुळे आरंभी त्यांना हा पाठ्यक्रम आपल्यासाठी नाही असे वाटले. परंतु परराज्यातील पाहुणा खोली घेण्यापूर्वी फोनवर जे विचारतो, पाऊस लागला तर किल्ल्यावर जाता येईल का, गाडी उशिरा कुडाळला पोहोचली तर जेवण मिळेल का, मासे न खाणाऱ्यांसाठी काय करता, तीही एक मुलाखतच असते आणि तीत उमेदवार घरमालकीण असते. मग याच प्रश्नांचा सराव वर्गात दोघी-दोघींनी सुरू झाला; ‘अनटिल’ची वाक्ये त्यांनी खलाशांच्या आधी बिनचूक केली, कारण पाहुणा येईपर्यंत भात चुलीवर ठेवायचा की नाही, याचे उत्तर त्यांना रोजच द्यावे लागत होते.